१९५६ ची बेसबॉल कार्डं: शेवटचे नऊ रिकामे कप्पे

एडिसनकर

नमस्कार मंडळी. इथे नाण्यांवर, तिकिटांवर, जुन्या कॅमेऱ्यांवर धागे पाहिले, पण बेसबॉल कार्डांवर एकही दिसला नाही, म्हणून लिहितोय.

मी गेली बारा वर्षं टॉप्स कंपनीचा १९५६ चा संच जमवतोय. १ ते ३४० अशी क्रमांक असलेली कार्डं आणि शिवाय क्रमांक नसलेली दोन यादी-कार्डं, म्हणजे एकूण ३४२. त्यातली ३३३ माझ्याकडे आहेत. नऊ राहिली आहेत.

सुरुवात न्यू जर्सीतल्या आमच्या शेजारच्या आजोबांमुळे झाली. माझा मुलगा तेव्हा लिटल लीगमध्ये खेळायचा. अंगणात त्याला बॉल टाकताना बघून आजोबा एक दिवस बुटांचा जुना खोका घेऊन आले. आत ११८ कार्डं, सगळी १९५६ ची. ते तेव्हा दहा वर्षांचे होते आणि ब्रुकलिनमध्ये राहायचे. बबलगमच्या पाकिटातून एकेक करून जमवलेली ही कार्डं. खोका मुलाच्या हातात देऊन म्हणाले, "बाकीची तू शोध."

मुलगा दोन वर्षांत फुटबॉलकडे वळला. बाकीची मी शोधतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९५६ चं कार्ड आडवं असतं. एका बाजूला खेळाडूचा रंगवलेला मोठा चेहरा आणि त्याच्या मागे तोच खेळाडू मैदानावर धावताना, झेल घेताना, बेसकडे घसरताना. पाठीवर त्याच्या कारकिर्दीची तीन छोटी व्यंगचित्रं आणि आकडे. आकार २ पूर्णांक ५/८ इंच गुणिले ३ पूर्णांक ३/४ इंच. पुढच्याच वर्षी टॉप्सनं कार्ड लहान केलं आणि तोच आकार आजवर चालू आहे. त्यामुळे बाजारात सगळीकडे मिळणारी नऊ कप्प्यांची पानं या कार्डांना चालत नाहीत. आठ कप्प्यांची घ्यावी लागतात. माझी ४३ पानं झाली आहेत.

राहिलेली नऊ अशी: ३३ (रॉबर्टो क्लेमेंटे), १३५ (न्यूयॉर्क यांकीजचा मिकी मँटल), १८७, २०३, २२४, २३८, २५१ (त्याच यांकीजचा संघ) आणि दोन्ही यादी-कार्डं.

हे रिकामे कप्पे कसे भरावेत, कुणी असं काही जमवलंय का, यावर बोलायला आवडेल. एक आधीच सांगतो, मी कोऱ्या करकरीत कार्डांच्या मागे नाही. कोपरे झिजलेले, मधे मोड पडलेली, मागे डिंकाचा डाग असलेली चालतात. फक्त ती खरी हवीत आणि कुणी नंतर 'सुधारलेली' नसावीत.

मुक्ता७१

पुण्यातून लिहितेय. बेसबॉलमधलं मला शून्य कळतं, पण धागा आवडला. आम्ही लहानपणी काडेपेटीचे छाप जमवायचो, मैदानात रिंगणात ठेवून खेळायचो. हे तसंच का? आणि आजोबांकडे बरोबर मँटल आणि यांकीजच का नव्हते? मी वाचलेलं एवढंच की मँटल म्हणजे सगळ्यात महाग.

एडिसनकर

मुक्ताताई, अगदी तसंच. इथली मुलं कार्डं भिंतीकडे भिरकावून खेळायची, ज्याचं भिंतीच्या जास्त जवळ पडेल तो दोन्ही घेणार. कोपरे झिजतात ते त्यामुळेच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला स्वतः आजोबांनी दिलं. ते ब्रुकलिन डॉजर्स या संघाचे चाहते. यांकीज म्हणजे शत्रुपक्ष. यांकीजचं कार्ड निघालं की ते कपड्यांच्या चिमट्यानं सायकलच्या चाकाला लावायचे. चाक फिरलं की आऱ्यांवर आपटून फटफटीसारखा आवाज यायचा. मँटल त्या चाकात संपला. संघाचं कार्डही तिथेच.

आणि ३३२ क्रमांकाचा डॉन लार्सन. तोही यांकीजचा, पण अगदी साधा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून ते कार्ड चाकातून वाचलं होतं. १९५४ मध्ये बाल्टिमोरकडून खेळताना त्याचे ३ विजय आणि २१ पराभव होते. ८ ऑक्टोबर १९५६ ला वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढतीच्या, पाचव्या सामन्यात त्यानं डॉजर्सचे २७ च्या २७ फलंदाज बाद केले, एकालाही पहिल्या बेसवर पोचू दिलं नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये असा परफेक्ट गेम त्यानंतर आजपर्यंत झालेला नाही. आजोबांनी त्या संध्याकाळी ते कार्ड फाडलं. सांगताना साठ वर्षांनंतरही त्यांचा आवाज बदलला होता. पुढच्या वर्षीचा हंगाम संपला आणि डॉजर्स ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले.

लार्सन मी नंतर एका प्रदर्शनात घेतला. कार्ड छापलं गेलं तेव्हा तो सामना व्हायचा होता, त्यामुळे पाठीवर त्याचा उल्लेख असणं शक्यच नाही. मला ते कार्ड संचातलं सर्वात बोलकं वाटतं.

शिवनेरी_डॅलस

एडिसनकर, छान उपक्रम. थोडं वेगळं मत मांडतो.

मी २०१९ पासून जुनी कार्डं घेतोय, पण फक्त प्रतवारी केलेली, म्हणजे पीएसए किंवा एसजीसी या कंपन्यांनी तपासून, १ ते १० पैकी गुण देऊन, कडक प्लास्टिकमध्ये बंद केलेली. कारण सोपं आहे. विकायची वेळ आली तर पुढच्याला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. १९५२ चं टॉप्सचं मँटल, ३११ क्रमांक, साडेनऊ गुणांचं, ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्याच कार्डाची झिजलेली प्रत त्याच्या शतांशालाही जात नाही. एवढा फरक फक्त स्थितीचा.

तुम्ही नऊ झिजलेली कार्डं शोधण्यात दोन वर्षं घालवणार. त्याऐवजी तीनशे साधी कार्डं विकून चांगल्या स्थितीतला एक मँटल घ्या, असं मी म्हणेन.

एडिसनकर

शिवनेरी, तुमचं गणित चूक नाही. प्रतवारीचा उपयोग मीही करतो. मँटल किंवा क्लेमेंटे घेईन तर प्लास्टिकमधलंच घेईन, एक-दोन गुणांचं, कारण खोटं विकलं जातं ते याच नावांचं.

पण तीनशे साधी कार्डं विकणं मला जमणार नाही. मँटलचं कार्ड पैसे असतील तर आज संध्याकाळी मिळतं. शेकडो विकायला आहेत. २०३ किंवा २३८ तसं मिळत नाही. १८१ ते २६० ही तिसरी मालिका बाकीच्यांपेक्षा थोडी कमी सापडते. आणि मुळात स्वस्त कार्ड कुणी मुद्दाम विकायला काढत नाही, टपालाचा खर्चही निघत नाही. ते कुणाच्यातरी दुबार कार्डांच्या चळतीत पडलेलं असतं आणि त्या चळतीपर्यंत आपल्याला जावं लागतं.

शिवाय हा सगळा संच म्हणजे त्या वर्षीची अख्खी लीग आहे. ३० क्रमांकावर जॅकी रॉबिन्सन, टॉप्सनं त्याच्या खेळण्याच्या काळात काढलेलं त्याचं शेवटचं कार्ड. ३१ वर हँक आरन, आणि त्याच्या चेहऱ्यामागे बेसकडे घसरणारा माणूस आरन नाहीच, तो विली मेज आहे, टोपी बदलून रंगवलेला. ३३ वर 'रॉबर्टो' क्लेमेंटे. पुढच्या वर्षीपासून टॉप्सनं पोर्तो रिकोच्या या माणसाला 'बॉब' करून टाकलं आणि कितीतरी वर्षं तसंच छापलं. म्हणून मला हेच कार्ड हवं आहे, ज्यावर त्याचं स्वतःचं नाव आहे. आणि यांच्यामधे ते शेकडो लोक, जे दोन-तीन हंगाम खेळले आणि घरी गेले. ते काढून टाकले तर उरतो तो संच नव्हे, नुसती नामवंतांची यादी.

टपालवेडा

ठाण्याहून. वय ६८, पन्नास वर्षं तिकिटं जमवतोय. एडिसनकरांचं शेवटचं वाक्य आमच्या मंडळाच्या भिंतीवर लावावंसं वाटलं.

एक विचारायचं होतं. तिकिटांना कॅटलॉग असतात, क्रमांक असतात, त्यामुळे काय राहिलंय हे कळतं. कार्डांना असं कुणी केलं का? जुन्या कार्डांवर क्रमांक नसतील तर संच पूर्ण झाला हे ठरवायचं कुणी?

सह्यकडा

टपालवेडा काका, फार योग्य प्रश्न. शिकागोहून लिहितोय, मी दुसऱ्या महायुद्धापूर्वीची कार्डं जमवतो, म्हणून हे मला सांगू द्या.

हे काम जेफरसन बर्डिक या एका माणसानं केलं. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजला राहायचे, कारखान्यात नोकरी, संधिवातानं बोटं आखडलेली. १९३० च्या दशकात त्यांनी कार्डांची सूची करायला घेतली. त्यांच्या अमेरिकन कार्ड कॅटलॉगमध्ये विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'टी' हे अक्षर, सुरुवातीच्या गोळ्या-चॉकलेटच्या कार्डांना 'ई', त्यानंतरच्या बबलगमच्या कार्डांना 'आर'. आज आम्ही 'टी२०६' म्हणतो ते नाव कंपनीनं दिलेलं नाही, बर्डिकनी दिलेलं आहे.

त्यांनी आपला तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला, त्यात ३०,००० हून जास्त बेसबॉल कार्डं. नुसता देऊन थांबले नाहीत. संग्रहालयात वर्षानुवर्षं येऊन, त्या आखडलेल्या हातांनी एकेक कार्ड वह्यांमध्ये चिकटवत राहिले. जानेवारी १९६३ मध्ये ते काम संपलं. मार्चमध्ये ते गेले.

टी२०६ म्हणजे १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटातून आलेला संच. जाणकार ५२४ कार्डं मोजतात. त्यातली चार इतकी दुर्मीळ की बहुतेक लोक ५२० वर थांबतात आणि संच पूर्ण झाला म्हणतात. मी २११ वर आहे. ऑनस वॅग्नरचं नाव ऐकलं असेलच, ते त्या चारातलं. त्याची छपाई मधेच थांबली. आपलं चित्र बघून मुलांनी तंबाखू घ्यावी हे त्याला नको होतं असं म्हणतात, काही जण म्हणतात मोबदल्यावरून बिनसलं.

पण रिकाम्या कप्प्याची माझी आवडती गोष्ट वेगळी आहे. १९३३ मध्ये बॉस्टनच्या गाउडी कंपनीनं बबलगमबरोबर २४० कार्डांचा संच काढला. मुलं गम घेत राहिली, क्रमांक जुळवत राहिली, आणि १०६ काही केल्या कुणाला मिळेना. मिळणार कसं? कंपनीनं १०६ छापलंच नव्हतं. कप्पा रिकामा राहिला की मुलं गम घेत राहतील, एवढाच हिशोब. शेवटी पालकांची पत्रं यायला लागली, तेव्हा १९३४ मध्ये कंपनीनं नॅप लॅजुईचं १०६ क्रमांकाचं कार्ड छापलं आणि ज्यांनी पत्र लिहिलं त्यांना टपालानं पाठवलं. पत्राला पेपर क्लिपनं अडकवून. आजही त्या कार्डांपैकी अनेकांवर त्या क्लिपचा वळ दिसतो.

मला त्या कंपनीचा अजूनही राग येतो. १९३३ म्हणजे मंदीचं साल, आणि मुलांच्या हातातला तो एक सेंट.

केतकी_ह

मी बॉस्टनजवळ एका ग्रंथालयात जुन्या कागदांचं जतन करते. खेळाडूंबद्दल मला सांगता येणार नाही, कागदाबद्दल येईल.

एडिसनकर, खोक्यात कार्डांना रबर लावलेलं होतं का? असेल तर सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं कार्ड बघा, कडेला खाच आणि तपकिरी रेघ असेल. जुनं रबर कडक होतं, चिकटतं आणि डाग कायमचा ठेवतं. तुटलेल्या रबराचा तुकडा चिकटला असेल तर नखानं ओढू नका.

पीव्हीसीचे कप्पे असतील तर आजच बदला. काही वर्षांनी ते ओशट होतात आणि कागदाला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे घ्या. अल्बम उभे ठेवा, तळघरात नाही आणि माळ्यावरही नाही. भारतातल्या मंडळींनी, विशेषतः कोकणपट्टीत, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळच्या वेळी बदलाव्यात. नाहीतर ओली पुडी काहीच करत नाही.

आणि विनंती: चिकटपट्टीचा पिवळा डाग, पेन्सिलीची खूण, शाईनं लिहिलेलं नाव, यातलं काहीही घरी काढायला जाऊ नका. मोड दाबून सपाट करणं, पाण्यात भिजवणं, कडा कापून सरळ करणं, हे सगळं लोक करतात. वस्तूवर जे घडलंय ते तिच्यावर राहू द्यावं.

सह्यकडा

केतकी, रबरावरून आठवलं. १९५२ च्या टॉप्स संचात १ क्रमांकावर अँडी पॅफ्को आहे. मुलं क्रमांकानं लावून रबर घालायची, म्हणून चळतीच्या वर कायम तोच. त्यामुळे त्याचं चांगल्या स्थितीतलं कार्ड अतिशय दुर्मीळ. खेळाडू म्हणून चांगला होता, पण कार्डाची किंमत त्या रबरानं ठरवली.

एडिसनकर

केतकीताई, मनापासून आभार. रबर होतंच. १ क्रमांक म्हणजे अमेरिकन लीगचे अध्यक्ष विल हॅरिज, त्यांच्या कार्डाच्या दोन्ही कडांना तुम्ही म्हणता तशी खाच आहे. मी दुसरं घेतलेलं नाही, तेच ठेवलंय.

कडा कापण्यावरून माझा अनुभव सांगतो, नव्यांना उपयोगी पडेल. तीन वर्षांपूर्वी मी क्लेमेंटे घेतला होता. फोटोत कोपरे टोकदार, किंमत रास्त. घरी आल्यावर कप्प्यात घातला तर सैल वाटला. शेजारच्या साध्या कार्डावर ठेवला, उंचीला जवळजवळ एक मिलिमीटर कमी. झिजलेले कोपरे कापून टोकदार केलेले. विकणाऱ्यानं पैसे परत करायला नकार दिला. ते कार्ड मी पाकिटात वेगळं ठेवलंय, त्यावर 'कापलेलं' असं लिहून. पुढे विकलं तर तसं सांगूनच विकेन.

तेव्हापासून मी प्रदर्शनाला जाताना त्याच संचातलं एक फाटकं पण निःसंशय खरं कार्ड आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग बरोबर नेतो. कार्डावर कार्ड ठेवून चारही कडा बघायच्या. मग भिंगातून काळी अक्षरं बघायची. खऱ्या कार्डावर ती सलग काळ्या शाईची असतात. फोटोवरून केलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनलेली दिसतात. पुठ्ठ्याची जाडी आणि पाठीचा रंगही ताडून बघा. मात्र १९५६ मध्ये १ ते १८० या कार्डांच्या पाठी राखाडी आणि पांढऱ्या अशा दोन्ही पुठ्ठ्यांवर आहेत, त्यामुळे नुसत्या रंगावरून खोटं ठरवू नका.

शिवनेरी_डॅलस

कापण्यावरून एक भर. प्लास्टिकमध्ये आहे म्हणजे निर्धोक, असंही नाही, हे मला प्रामाणिकपणे मान्य करावं लागेल. पीएसएनं १९९१ मध्ये अगदी पहिलं तपासलेलं कार्ड म्हणजे टी२०६ चा वॅग्नर, जो काही काळ आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीच्या मालकीचा होता. ८ गुण दिले होते. ज्या लिलावदारानं ते आधी विकलं होतं त्यानं २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केलं की त्यानं त्याच्या कडा कापल्या होत्या.

एडिसनकर, तुमच्या मुद्द्यावर विचार केला. माझ्याकडे १४ कार्डं आहेत आणि त्यातल्या एकाचीही पाठ मी नीट वाचलेली नाही. आज रात्री वाचतो.

मुक्ता७१

मला एक सुचलं. राहिलेल्या कार्डांच्या जागी नवीन छापलेली प्रत ठेवली तर? पान भरलेलं दिसेल, आणि खरं मिळालं की काढून टाकता येईल.

एडिसनकर

काही लोक ठेवतात मुक्ताताई, आणि पाठीवर स्पष्ट लिहिलेलं असेल तर त्यात फसवणूक नाही. टॉप्सनं स्वतः १९८३ मध्ये १९५२ च्या संचाची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली होती. पण मी कप्पा रिकामाच ठेवतो. पान उलटताना तो दिसतो आणि शोध चालू राहतो. १३५ च्या रिकाम्या जागेकडे बघून मला ते सायकलचं चाक आठवतं, तिथे नक्कल घातली तर आठवणार नाही.

टपालवेडा

बरोबर. आम्हीही अल्बममध्ये चौकट आखून रिकामी ठेवतो. माझी एक १९८१ पासून रिकामी आहे.

यादी-कार्डं का मिळत नाहीत ते सांगा. त्यावर तर खेळाडूही नाही.

एडिसनकर

काका, म्हणूनच मिळत नाहीत. त्या कार्डावर नुसते क्रमांक आणि नावं, समोर चौकटी. एका कार्डावर पहिली आणि तिसरी मालिका, दुसऱ्यावर दुसरी आणि चौथी. मुलांनी पेन्सिलीनं खुणा केल्या आणि हंगाम संपल्यावर फेकून दिलं. कोरं यादी-कार्ड आज मोठमोठ्या खेळाडूंपेक्षा महाग पडतं. आजोबांनी दोन्ही वापरून फेकली होती.

सह्यकडा

एडिसनकर, थांबा. मी १९५६ जमवत नाही, पण मागे एका घराच्या विक्रीत टी२०६ ची सात कार्डं घेताना त्या डब्यात काही पन्नासच्या दशकातलीही आली होती. आत्ता जाऊन बघितलं. २२४ आहे, खालचा डावा कोपरा गेलाय. आणि एक यादी-कार्ड आहे, दुसरी आणि चौथी मालिका. मधे मोड, आणि जवळजवळ सगळ्या चौकटींत पेन्सिलीच्या खुणा. खुणा केलेलं चालेल का?

पैसे नकोत. टी२०६ चं दुबार, कुठल्याही स्थितीतलं एखादं, तुमच्याकडे असेल तर द्या, नसेल तर राहू द्या. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

एडिसनकर

चालेल का काय विचारता. टी२०६ चं एक आहे माझ्याकडे, पाठीवर पिडमाँट सिगारेटची जाहिरात, वरची कड थोडी कुरतडलेली. कुणाकडून तरी बदल्यात आलं होतं, तुमच्या २११ मध्ये नसेल अशी आशा. व्यनि केलाय.

एडिसनकर

आज पाकीट आलं. दोन पुठ्ठ्यांमधे घालून, चिकटपट्टीचा अंशही कार्डाला लागणार नाही असं बांधलेलं. सह्यकडा, तुमचं कार्ड सोमवारीच टाकलंय, दोन दिवसांत पोचेल.

२२४ कप्प्यात गेलं. यादी-कार्ड टेबलावर ठेवून भिंगानं बघत बसलोय. ज्या मुलाचं होतं त्यानं खुणा फार काळजीपूर्वक केल्या आहेत, चौकटीच्या बाहेर एकही रेघ नाही. दुसऱ्या आणि चौथ्या मालिकेची मिळून १६० कार्डं. त्यातल्या फक्त तीन चौकटी कोऱ्या आहेत: १७२, ३१८ आणि १३५.

सात राहिली.